गिटार ॲम्पची घरघर: आवाज कुठून घुसतो ते आधी शोधा

ॲम्प चालू केला, तारेला कुणाचा हातही लागलेला नाही, आणि तरी स्पीकरमधून काहीतरी येतच राहतं. कधी पोळं उठल्यासारखी भणभण, कधी दूरवरच्या पावसासारखा सळसळाट, तर कधी खर्रकन एखादा फटका. या सगळ्याला आपण सरसकट 'नॉइज' म्हणून मोकळे होतो आणि मग नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं यंत्र) घ्यायला निघतो. बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. हा एकच आजार नाही, पाच-सहा वेगवेगळे आजार आहेत. प्रत्येकाचा आवाज वेगळा, घुसण्याची जागा वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

इलेक्ट्रिक गिटारच्याच मागे हे दुखणं का लागतं, ते एका हिशोबात कळतं. तारांचं कंपन टिपणाऱ्या, एकाच गुंडाळीच्या 'सिंगल कॉइल' पिकअपमधून निघणारा सिग्नल शंभर-दोनशे मिलिव्होल्टचा, आणि सूर विरत गेला की तो चार-दोन मिलिव्होल्टवर येतो. ५० वॉटचा ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने वाजवतो तेव्हा तिथे २० व्होल्ट असतात. म्हणजे वाटेत सिग्नल शेकडो पटींनी मोठा होतो आणि त्याच्यासोबत आत शिरलेली घाणही तितकीच मोठी होते. डेसिबलच्या भाषेत दर २० डेसिबलला व्होल्टेज दहापट होतं. प्रत्येकी ३० डेसिबल गेन, म्हणजे वाढ, देणारी दोन ड्राइव्ह पेडलं (आवाज फाडणाऱ्या, पायाने चालवायच्या डब्या) एकामागे एक लावली की झाले ६० डेसिबल, म्हणजे हजारपट. केबलमध्ये शिरलेला एक दशांश मिलिव्होल्टचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, त्यातून बाहेर पडताना १०० मिलिव्होल्टचा होतो, म्हणजे खुद्द गिटारच्या तोडीचा.

डिस्टॉर्शनमध्ये तर आणखी एक भानगड आहे. जोरात छेडलेला सूर छताला टेकतो, कापला जातो, त्यापुढे वाढत नाही. नॉइज मात्र छतापासून खूप खाली असतो, त्यामुळे त्याला गेनचा पूर्ण लाभ मिळतो. गेनचं बटण आणखी फिरवलं की सूर तेवढाच राहतो आणि घरघर तेवढी वर येते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: गेन थोडा उतरवा. रेकॉर्डवर प्रचंड वाटणारा गिटारचा आवाज अनेकदा बेताच्या गेनवर, दोन-तीन वेळा वाजवून एकावर एक चढवलेला असतो.

कानाने निदान

हम म्हणजे खालच्या सुरातली सलग गुणगुण. ज्या देशांत विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे तिथे हा हम ५० हर्ट्झचा असतो किंवा १०० हर्ट्झचा, आणि यातला कोणता आहे यावर पुढचा सगळा तपास ठरतो. ५० हर्ट्झ असेल तर मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटची, वीज थेट कुठूनतरी शिरते आहे: पिकअपमधून, अर्थ लूपमधून (दोन यंत्रांच्या अर्थिंगचं कडं, त्याबद्दल पुढे) किंवा व्हॉल्व्हच्या (काही ॲम्पमधल्या काचेच्या नळ्यांच्या) हीटरमधून. १०० हर्ट्झ असेल तर ॲम्पच्या पॉवर सप्लायवर संशय घ्यायचा, कारण रेक्टिफायर ५० हर्ट्झच्या दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला वळवतो आणि उरलेली लहर दुप्पट वारंवारतेची होते.

ते ओळखायला यंत्र लागत नाही, गिटारच पुरते. नेहमीच्या ट्युनिंगमध्ये सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला ९८ हर्ट्झचा जी वाजतो. तो हळू छेडून हमशी ताडून पाहा. हम १०० हर्ट्झचा असेल तर दोन्ही आवाज जवळजवळ जुळतात आणि सेकंदाला साधारण दोन हेलकावे ऐकू येतात, वँव-वँव-वँव असे. हम त्याच सुरात पण एक सप्तक खाली वाटला, तर तो ५० हर्ट्झचा. ६० हर्ट्झच्या देशांत १२० हर्ट्झचा हम पाचव्या तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या मधोमध कुठेतरी पडतो. एक सावधगिरी ठेवा. गिटारचे स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवत नाहीत, त्यामुळे त्या हममधले वरचे पट, १०० आणि १५०, जास्त ठळक ऐकू येतात. एकट्या कानावर निकाल देऊ नका, पुढची चाचणीही करा.

बझ हा हमचाच चुलतभाऊ, पण दातेरी. मूळ तेच मेन्सचं, फक्त त्यात उंच पटींचा भरणा असतो आणि आवाज रेझरसारखा लागतो. दिव्याचा डिमर, स्वस्तातल्या एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर हे नेहमीचे गुन्हेगार. डिमर वीज लाटेच्या मधेच कापून सोडतो, म्हणून तो अर्ध्यावर असताना सर्वात जास्त त्रास देतो. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद केला की बझ विरतो. इतकी सोपी खूण दुसऱ्या कशाचीच नाही.

हिस म्हणजे सूऽऽ असा सळसळाट. त्याला सूर नसतो आणि गिटार फिरवून तो बदलत नाही. कडकड, खरखर, मधूनच फटके हे सैल सांधे, मळलेली बटणं आणि म्हाताऱ्या रेझिस्टरचं काम. बारीक शिट्टी बहुधा डिजिटल पेडलच्या पॉवरमधून येते. आणि मोबाइलची ती टर्र-टर्र-टर्र तर सगळ्यांच्याच ओळखीची: जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यांत सिग्नल फेकतो, तोच ठेका ॲम्पमध्ये उमटतो. फोन पेडलबोर्डवरून उचलून दूर ठेवला की विषय संपला.

ॲम्पपासून सुरुवात, गिटारकडे शेवट

तपास नेहमी ॲम्पच्या टोकाकडून करायचा. सगळं जोडलेलं ठेवून अंदाज बांधत बसलात तर संध्याकाळ जाईल.

आधी ॲम्पच्या इनपुटमधला प्लग काढून टाका. बहुतेक ॲम्पच्या इनपुट जॅकला आतून एक स्विच असतो, प्लग निघाला की तो इनपुट थेट अर्थला टेकवतो. व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही हम येत असेल तर तो व्हॉल्यूमच्या बटणानंतर शिरतो आहे: पॉवर सप्लाय, शेवटचा टप्पा किंवा त्यामधलं वायरिंग. यात गिटार, केबल आणि पेडल सगळे निर्दोष. आता व्हॉल्यूम आणि गेन हळूहळू वाढवा. थोडा हिस येणारच, त्याला घाबरायचं नाही. पण बटणासोबत हम वाढला तर दोष प्रीॲम्पमध्ये, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्यात आहे.

ॲम्पला इफेक्ट्स लूप (मधे पेडलं जोडायचे 'सेंड' आणि 'रिटर्न' हे दोन जॅक) असेल तर 'रिटर्न'च्या जॅकमध्ये नुसता रिकामा प्लग घाला. सिरीज पद्धतीच्या, म्हणजे सगळा सिग्नल लूपमधूनच नेणाऱ्या लूपमध्ये यामुळे प्रीॲम्प तुटतो आणि फक्त शेवटचा टप्पा ऐकू येतो. एका प्लगने ॲम्पचे दोन तुकडे होतात आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते कळतं. याच लूपची आणखी एक खोड आहे. रिटर्न जॅकमधला स्विच वर्षानुवर्षं न वापरल्याने काळवंडतो आणि ॲम्प मधूनच खरखरतो किंवा आवाज बसतो. सेंड आणि रिटर्न एका छोट्या पॅच केबलने जोडून पाहा. खरखर थांबली तर जॅक साफ करण्यापलीकडे काही लागत नाही.

मग केबल आणि गिटार. इथे एक चूक हमखास होते: केबल ॲम्पमध्ये खोचायची, दुसरं टोक मोकळं ठेवायचं, आणि भयंकर हम ऐकून केबल खराब ठरवायची. मोकळं टोक हवेतली वीज पकडणारच. ॲम्पचा इनपुट १ मेगओहमचा असतो आणि लोंबणारी तार त्याच्यासाठी अँटेनाच. केबल गिटारला जोडा आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. नेहमीच्या वायरिंगमध्ये हे बटण शून्यावर सिग्नलची तार अर्थला टेकवतं, त्यामुळे आता उरलेला आवाज केबलचा आणि ॲम्पचा. केबल थोडी वाकवा, हलवा, दोन्ही प्लग बोटांनी डुलवा. कडकड झाली तर सांधा सापडला.

शेवटी गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण खोला आणि जागेवरच गोल फिरा. एखाद्या दिशेला हम जवळजवळ नाहीसा होत असेल तर तो चुंबकीय क्षेत्रातून पिकअपमध्ये शिरतो आहे, याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. स्वतः ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर हा खोलीतला सर्वात मोठा स्रोत असू शकतो. ट्रान्सफॉर्मरसारख्या लहान स्रोताचं क्षेत्र थोडं दूर गेल्यावर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे अंतर दुप्पट केलं की हम साधारण आठपट कमी. ॲम्पला टेकून बसणाऱ्याने दोन पावलं मागे सरकणं हा खर्चिक पिकअपपेक्षा मोठा इलाज ठरतो.

गिटारच्या आत: दोन शत्रू, दोन इलाज

सिंगल कॉइल पिकअपवर केसासारख्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. गिटारच्या तारेचं कंपन टिपायला ते वेढे आहेत, पण भिंतीतल्या वायरिंगचं, ट्रान्सफॉर्मरचं बदलतं चुंबकीय क्षेत्रही त्याच वेढ्यांतून जातं आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे वीज निर्माण करतं. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी यावर काढलेल्या उपायाचा पेटंट अर्ज १९५५चा आहे, पेटंट मिळालं १९५९मध्ये. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे उलटे आणि तिचं चुंबकही उलटं. तारेच्या कंपनाच्या बाबतीत दोन उलट मिळून सुलट होतं आणि दोन्हींचा सिग्नल एकमेकांत मिळतो. बाहेरून आलेल्या हमला मात्र चुंबक कुठल्या बाजूला आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्यासाठी फक्त वेढे उलटे, म्हणून तो एकमेकांत कटतो. याचंच नाव हमबकर. तीन सिंगल कॉइलच्या अनेक गिटारमध्ये मधला पिकअप असाच उलटा बनवलेला असतो. त्यामुळे सिलेक्टरच्या, म्हणजे पिकअप निवडायच्या स्विचच्या, दुसऱ्या आणि चौथ्या खुणेवर हम गायब होतो आणि बाकीच्या तिन्हींवर परत येतो. हा बिघाड नाही.

दुसरा शत्रू विद्युत क्षेत्र, म्हणजे बझवाला. त्याच्यावर कवच चालतं, चुंबकीय हमवर चालत नाही. इथेच कित्येकांचा भ्रमनिरास होतो: दिवसभर खपून गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवतात आणि मग '५० हर्ट्झचा हम तसाच आहे' म्हणून हळहळतात. तांब्याचा पातळ पत्रा ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. बझ आणि तीक्ष्ण भणभण मात्र तो चांगलीच खाली आणतो.

पट्टी लावायची तर अशी. पिकअपच्या, बटणांच्या आणि जॅकच्या पोकळीत तळ आणि भिंती झाका. पट्ट्या एकमेकींवर अर्धा सेंटिमीटर चढू द्या. पट्टीचा गोंद वीज वाहून नेणारा आहे की नाही ते आधी मल्टिमीटरने तपासा. नसेल तर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक टिपका द्या. पोकळीच्या काठावरून पट्टी थोडी वर आणून वळवा, म्हणजे पिकगार्डच्या पाठीला लावलेल्या पट्टीला ती टेकेल. मग कोणत्याही दोन जागांमध्ये मल्टिमीटर लावा, १ ओहमच्या आत दाखवला पाहिजे. शेवटी एक तार या कवचापासून बटणाच्या अर्थला. ती विसरलात तर न जोडलेला तांब्याचा पत्रा स्वतःच अँटेनासारखा वागतो. आणि सगळं बंद केल्यावर गिटार मुकी झाली, तर जॅकची किंवा सिलेक्टरची सिग्नलची पट्टी तांब्याला टेकली आहे. त्या जागेवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा.

तारांना हात लावला की बझ कमी होतो, आणि यावरून 'माझ्या गिटारचं अर्थिंग खराब' असा निष्कर्ष काढला जातो. खरं उलट आहे. तुमचं शरीर हवेतली वीज पकडतं आणि ती पिकअपला देतं. तारेला हात लावला की शरीर अर्थला जोडलं जातं आणि गप्प बसतं. म्हणजे ब्रिजची (तारा अडकवलेल्या धातूच्या भागाची) अर्थ तार शाबूत आहे. काळजी केव्हा करायची? हात लावल्यावर आवाज वाढला तर. तेव्हा जॅकवरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या आहेत का ते पाहा. आणि हाताने काहीच फरक पडत नसेल तर तार आणि प्लगची बाहेरची बाजू यांच्यामधला रोध मोजा. तो एक-दोन ओहमच्या वर नको. काही ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपमध्ये तारा मुद्दामच अर्थला जोडत नाहीत, तिथे हा नियम लावू नका.

अर्थ लूप, आणि ज्या पिनला हात लावायचा नाही

गिटार आणि एकच ॲम्प असेल तर अर्थ लूप सहसा होत नाही. दुसरा ॲम्प, मिक्सर, लॅपटॉप आला की होतो. दोन यंत्रं, दोघांनाही तीन पिनचा प्लग, म्हणजे दोघंही अर्थला जोडलेली. त्यात सिग्नलच्या केबलचं कवच दोघांना पुन्हा जोडतं. झालं एक कडं तयार. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच, शिवाय हे कडं आसपासचं चुंबकीय क्षेत्रही पकडतं, आणि कवचातून प्रवाह वाहू लागतो. कवचाचा रोध ०.२ ओहम धरला आणि प्रवाह १० मिलिअँपिअर, तर २ मिलिव्होल्ट हम. तो सिग्नलमध्ये थेट मिसळतो, कारण ॲम्पच्या दृष्टीने कवच म्हणजे शून्य व्होल्ट आणि ते शून्यच डुलतं आहे.

ओळखायची खूण सोपी: दोन यंत्रांना जोडणारी सिग्नलची केबल काढली की हम थांबतो, मेन्सचा प्लग कुठेही असो. पहिला इलाज, दोन्ही यंत्रं एकाच सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, म्हणजे कडं लहान होतं. तेवढ्याने भागलं नाही तर सिग्नलच्या वाटेत १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तार तुटलेली राहते. स्टिरिओसाठी दोन ॲम्प वाजवणाऱ्यांच्या स्प्लिटरला एका बाजूला हा ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे. मात्र पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेली गिटार थेट ट्रान्सफॉर्मरवर टाकली तर वरचा टोन मरतो. आधी कोणतंही बफर पेडल, म्हणजे सिग्नलला बळ देणारं पेडल, ठेवा. डीआय बॉक्सवरचा (गिटार मिक्सरला जोडायच्या डबीवरचा) 'ग्राउंड लिफ्ट' स्विच हेच काम सिग्नलच्या केबलवर करतो आणि तो बिनधास्त वापरावा.

ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन मात्र कापायची नाही, तिच्यावर टेप गुंडाळायची नाही, दोन पिनचं अडॅप्टर लावायचं नाही. त्याने हम जातो हे खरं आहे, म्हणूनच ही युक्ती इतकी पसरली. पण ती पिन हमसाठी नसतेच. ॲम्पच्या आत फेजची तार कधी चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, टेकली तर अर्थमधून जोरदार प्रवाह जाऊन फ्यूज उडावा, यासाठी ती आहे. ती नसेल तर चेसिस जिवंत, केबलचं कवच जिवंत, गिटारच्या तारा जिवंत. एक हात त्या तारांवर आणि ओठ अर्थला जोडलेल्या माइकवर. वादक असे मेले आहेत.

लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना येणारी किरकिर हा याच कुटुंबातला प्रकार. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर चार्जर दोषी. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर भागवा, किंवा इंटरफेस आणि ॲम्प यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर घाला.

पेडलबोर्ड

एका अडॅप्टरवरून साखळीने पाच-सहा पेडल चालवायची पद्धत ॲनालॉग पेडलपुरती ठीक चालते. त्या साखळीत एखादं डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब घुसलं की बिघडतं. त्याच्या आतलं घड्याळ, म्हणजे चिपला ठेका देणारं सर्किट, पॉवरच्या तारेवर झटक्यांनी प्रवाह ओढतं, आणि तीच तार शेजारच्या ड्राइव्ह पेडलची अर्थ असते. ड्राइव्ह ते झटके सिग्नल समजून शंभरपट करतं. ऐकू येते ती बारीक शिट्टी. संशयित पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, शिट्टी थांबली की कारण पक्कं. इलाज म्हणजे ज्याचा प्रत्येक आउटपुट खरोखर आयसोलेटेड आहे असा पॉवर सप्लाय. नुसती आठ भोकं आहेत म्हणून तो आयसोलेटेड होत नाही. मल्टिमीटर लावून दोन आउटपुटच्या निगेटिव्ह बाजू (गिटार पेडलच्या प्लगमध्ये बहुधा आतली) एकमेकींना जोडलेल्या आहेत का ते बघा. जोडलेल्या असतील तर ती साखळीच, फक्त डब्यात घातलेली.

प्रत्येक पेडलला किती मिलिअँपिअर लागतात ते त्याच्यावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. साधं ओव्हरड्राइव्ह पाच-दहात भागवतं, मोठ्या डिजिटल पेडलला ३०० किंवा जास्तही लागतात. आउटपुट अपुरा पडला तर पेडल बंदच पडेल असं नाही. बऱ्याचदा ते चालतं, पण कुरकुरत.

वाह पेडलकडे वेगळं बघा. त्याच्या आत इंडक्टर असतो, म्हणजे कॉइलच, म्हणजे एक छोटा पिकअप. बोर्डाखाली नेमका वाहच्या पोटाशी पॉवर सप्लायचा ट्रान्सफॉर्मर बसवला तर हम येणारच. सप्लाय ३० सेंटिमीटर सरकवला की पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं. कॉम्प्रेसरही (हळू आणि मोठे सूर एका पातळीला आणणारं पेडल) निर्दोष नाही: तुम्ही थांबलात की तो गेन वर नेतो आणि मागचा हिस उचलून पुढे आणतो. ते त्याचं कामच आहे, सस्टेनचं बटण उतरवा.

केबलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चांगल्या विणीचं कवच, घट्ट प्लग, गरजेपुरती लांबी. साधारण मीटरला १०० पिकोफॅरड धरा, त्यामुळे लांब केबल आवाज गढूळ करते, नॉइजी करतेच असं नाही. स्पीकरच्या केबलला कवच नसतं, ती गिटारला लावली तर हमचा कारखाना सुरू. उलट चूक, म्हणजे गिटारची केबल स्पीकरला, ही व्हॉल्व्ह ॲम्पसाठी घातक: बारीक तार तापते, तुटते, आणि बिनलोडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

ॲम्पचं झाकण उघडण्याआधी

व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. ते कसे उतरवायचे आणि मीटरने खात्री कशी करायची हे ज्याला येतं त्यानेच आत हात घालावा. बाहेरून करण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिला प्रीॲम्प व्हॉल्व्ह, बहुधा १२एएक्स७, हा सर्वाधिक वेळा दोषी असतो कारण त्याच्या पुढे सगळा गेन बाकी असतो. ॲम्प चालू ठेवून त्याच्या काचेवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकं टकटक करा. स्पीकरमधून टक् असा आवाज थोडा येईलच. घंटेसारखा टणणण घुमला किंवा शिट्टी फुटली तर व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झाला आहे. ॲम्प बंद करा, थंड होऊ द्या, पुढच्या जागेवरचा तशाच प्रकारचा व्हॉल्व्ह पहिल्या जागी लावून बघा. नुसता पहिला व्हॉल्व्ह काढून ठेवूनही तपासता येतं, मात्र काही ॲम्पमध्ये हीटर एकामागे एक जोडलेले असतात. तिथे एक काढला की दुसराही विझतो आणि निष्कर्ष चुकतो.

१०० हर्ट्झचा हम व्हॉल्यूम शून्यावरही असेल तर फिल्टर कपॅसिटर थकले असावेत, पंधरा-वीस वर्षं जुन्या ॲम्पमध्ये तर पहिला संशय त्यांच्यावरच. पण आधी पॉवर व्हॉल्व्हची जोडी तपासा. पुश-पुल रचनेत, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात तिथे, दोन्ही व्हॉल्व्ह सारखा प्रवाह ओढतात तेव्हा सप्लायची लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आपसात कटते. एक म्हातारा झाला की काटछाट बिघडते आणि कपॅसिटर चांगले असूनही हम ऐकू येतो.

५० हर्ट्झचा हम व्हॉल्यूमसोबत वाढत असेल आणि इनपुटमध्ये काहीच खोचलेलं नसेल, तर हीटरकडे वळा. ६.३ व्होल्ट एसीच्या त्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन सिग्नलच्या तारांपासून दूर नेलेल्या असाव्यात. ट्रान्सफॉर्मरला मधला टॅप नसेल तर कारागीर दोन्ही तारांपासून अर्थला एकेक १०० ओहमचा रेझिस्टर लावून कृत्रिम मध्य तयार करतो. दोन स्वस्त रेझिस्टर, पण हममध्ये फरक दणदणीत.

बटण फिरवताना खरखर येते, तिच्यावर काँटॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा आणि वीस-तीस वेळा पूर्ण फेरा, एवढं पुरतं. आठवड्यात खरखर परत आली तर मात्र बटण दोषी नाही. त्याआधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवणारा) गळतो आहे, डीसी व्होल्टेज बटणावर येतं आहे, आणि ब्रश सरकताना त्याचाच आवाज होतो. नवं बटण लावूनही तो जाणार नाही. काहीही न फिरवता मधूनच फुटाणे फुटल्यासारखं वाजत असेल तर पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा १०० किलोओहमचा रेझिस्टर जुन्या कार्बन पद्धतीचा आहे का ते कारागिराला बघायला सांगा. तिथे मेटल फिल्मचा लावला की फुटाणे थांबतात आणि हिसही उतरतो.

हिस पूर्ण जात नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं. कोणत्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन वळवळतात आणि त्यांचं व्होल्टेज मोजता येतं: खोलीच्या तापमानाला ६८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ३.४ मायक्रोव्होल्ट. अनेक ॲम्पच्या इनपुटवर नेमका हाच रेझिस्टर बसलेला असतो. गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवला की स्रोताचा रोध आणखी चढतो. ५०० किलोओहमच्या बटणात तो सव्वाशे किलोओहमपर्यंत जातो. म्हणून हाय-गेन वाजवताना गिटार पूर्ण खोलून पेडलचा गेन उतरवणं हे गिटार अर्धी बंद करून गेन चढवण्यापेक्षा शांत.

नॉइज गेट, सगळ्यात शेवटी

वरचं सगळं झाल्यावर जे उरेल ते गेटसाठी. गेट नॉइज काढत नाही, तुम्ही थांबलात की दार लावतो; सूर वाजत असताना नॉइज त्याच्यासोबत आत-बाहेर करतोच. सेटिंग करताना गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि तारा तळव्याने दाबा, कारण वाजवताना असणारा नॉइज तोच. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीखाली दार लागतं ती, शून्यापासून वाढवत न्या. दार बंद झालं त्या जागेपासून केसभर पुढे थांबा. नंतर एक लांब सूर छेडून तो विरताना ऐका: शेपूट चाकूने कापल्यासारखी तुटली तर रिलीज, म्हणजे दार लागायला घेतला जाणारा वेळ, वाढवा. तुटक रिफसाठी २० ते ५० मिलिसेकंद, लांब सुरांसाठी २०० ते ५००.

जागाही महत्त्वाची. साधा गेट ड्राइव्हच्या नंतर आणि डिले-रिव्हर्बच्या आधी, नाहीतर प्रतिध्वनीच कापला जाईल. ॲम्पचाच गेन वापरत असाल तर गेट इफेक्ट्स लूपमध्ये गेला पाहिजे. पण डिस्टॉर्शननंतर सूर आणि नॉइज यांच्यात अंतर कमी उरतं, आणि दार कधी उघडायचं हे गेटला कळेनासं होतं. म्हणून चार केबलची पद्धत निघाली: गिटार गेटच्या इनपुटमध्ये, गेटच्या सेंडमधून ॲम्पच्या इनपुटला, ॲम्पच्या सेंडमधून गेटच्या रिटर्नला, आणि गेटच्या आउटपुटमधून ॲम्पच्या रिटर्नला. गेट ऐकतो स्वच्छ गिटार आणि दार लावतो प्रीॲम्पच्या नंतर. एवढ्या केबल जोडल्यावर नवा हम आला, तर आधी गेटचा अडॅप्टर दुसऱ्या कुठल्या पेडलसोबत साखळीत आहे का ते बघा.